ट्रायफोलिएट संत्रं: थंड प्रदेशात ते लावताना या चुका टाळा

न्यू जर्सी, इंग्लंड किंवा जर्मनीत घर घेतलं आणि मागे चार हात जमीन मिळाली, की आपल्या माणसाला तिथे लिंबू-संत्र्याचं झाड हवं असतं. लिंबूवर्गातली बहुतेक झाडं तिथे उघड्यावर एक हिवाळाही काढत नाहीत. ट्रायफोलिएट ऑरेंज काढतं. मूळ चीनचं हे झाड जपान-कोरियात फार पूर्वीपासून कुंपणाला लावतात. एका देठावर तीन पानं, बोटाएवढे काटे, हिवाळ्यात पूर्ण पानगळ, वसंतात उघड्या फांद्यांवर पांढरी फुलं आणि शरदात बारीक लव असलेली, ४-५ सेंटिमीटरची पिवळी फळं. चांगलं मुरलेलं झाड उणे २० अंश सेल्सियस सोसतं, कधी त्याहून खालीही तगतं.

इतकं काटक असूनही लोकांच्या हातून ते मरतं, किंवा वर्षानुवर्षं नुसतं उभं राहतं. बहुतेक वेळा त्याला लाडच भोवतात.

आकड्यावर विसंबणं

‘उणे २०’ हा आकडा पूर्ण झोपी गेलेल्या झाडाचा आहे. दिवस लहान होत जातात, रात्री हळूहळू गार होतात, तसं झाड काही आठवडे घेऊन थंडीला सरावतं. तेच झाड ऑक्टोबरात कोवळ्या फुटव्यांवर असताना अचानक उणे ७-८ झालं, तर शेंडे काळे पडतात. एप्रिलमध्ये डोळे फुटल्यावर आलेला उशिराचा दंव तर नुसत्या उणे २-३ वरही कोवळी पालवी आणि फुलं जाळतो. म्हणून हिवाळ्यात किती खाली गेलं यापेक्षा झाड कधी झोपलं आणि कधी उठलं, हे बघायचं.

जागाही याच हिशेबाने निवडा. ‘दक्षिणेकडच्या भिंतीला लावा, ऊब मिळेल’ हा सल्ला इंग्लंडमध्ये बरोबर आहे. तिथे उन्हाळाच कोमट, आणि ऊन कमी पडलं तर फांदीचं लाकूड पक्कं होत नाही. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये चार दिवस उन्हाचे येतात, भिंत तापते, झाड लवकर जागं होतं आणि पुढच्या दंवात सापडतं. तिथे मोकळी, दिवसभर उन्हाची जागा घ्या, पण गार हवा साचते तो खोलगट कोपरा नको.

खताचंही तेच. जुलै सरला की नत्र बंद. ऑगस्ट-सप्टेंबरात ‘हिवाळ्याआधी जरा ताकद’ म्हणून दिलेला युरिया झाडाला जागं ठेवतो. विदर्भातल्या वरूड-मोर्शीचा संत्रा बागायतदार आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांसाठी, पाणी तोडून झाडाला ताण देतो, तेव्हा झाडाची नवी वाढ थांबवणं हाच हेतू असतो. इथे हा ताण थंडी देते. आपण फक्त मध्ये पडायचं नाही.

घरात आणणं

कुंडीतलं झाड पानं टाकायला लागलं की पहिला विचार येतो तो दिवाणखान्यात आणायचा. हीटरच्या उबेत ते जानेवारीत फुटतं. प्रकाश अपुरा, म्हणून फुटवे लांबट आणि पिवळट येतात. मार्चमध्ये बाहेर ठेवलं की आठवड्यात सगळे गळतात. पानगळ हा आजार नाही.

तरी कुंडी जमिनीसारखी नसते. मुळांना फांद्यांइतकी थंडी सोसत नाही आणि कुंडीची माती चारही बाजूंनी गोठते. त्यामुळे कडाक्याच्या दिवसांत कुंडी हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये ठेवा. ० ते ५ अंश तापमान उत्तम. पानंच नसल्याने उजेडाची फारशी गरज नाही. माती अगदी कोरडी पडली तरच थोडं पाणी.

वसंतात घाईने छाटू नका. या झाडाच्या फांद्या हिवाळ्यातही हिरव्या असतात, मेलेली फांदी तपकिरी किंवा गवती रंगाची होते. शंका आली तर नखाने साल खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं की थांबा. जून उजाडेपर्यंत कात्री दूरच ठेवलेली बरी.

पानं पिवळी पडली की हिराकस (लोहाचं खत)

पान पिवळं आणि शिरा हिरव्या, कोवळ्या पानांवर जास्त. हा लोहाच्या कमतरतेचा केवडा, म्हणजे पान पिवळं पडण्याचा विकार. पण जमिनीत लोह नसतं असं नाही, चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. ट्रायफोलिएटला ५.५ ते ६.५ सामू (पीएच) मानवतो. चुनखडीची जमीन आणि क्षार त्याला अजिबात सोसत नाहीत. हे झाड संत्र्याच्या कलमाला खुंट, म्हणजे मुळांकडचा खालचा भाग, म्हणूनही वापरतात. पण याच स्वभावामुळे विदर्भातल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत संत्र्याला हा खुंट न वापरता जंबेरी किंवा रंगपूर लाईम या लिंबांचा खुंट वापरतात.

लंडनच्या आसपास नळाचं पाणीच चुन्याचं असतं. रोज तेच घातलं तर कुंडीतली आम्ल मातीही दोनेक वर्षांत बिघडते, म्हणून पावसाचं पाणी साठवा. चुनखडी जमिनीत हिराकस टाकला तर तो लगेच बद्ध होतो आणि पैसे वाया जातात. चिलेटेड लोह (मातीत बद्ध होऊ नये असं बांधलेलं लोह) घेताना डब्यावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते बघा. स्वस्त ‘ईडीटीए’ जास्त सामूच्या मातीत टिकत नाही. सिमेंटच्या पायाला लागून लावलेलं झाड पिवळं पडत असेल तर ते हलवणंच शहाणपणाचं.

आणखी एक गैरसमज. डिंक्या (खोडातून डिंक गळणं) आणि मूळकूज करणाऱ्या फायटोप्थोरा बुरशीला हा खुंट सहसा बळी पडत नाही, हे खरं. त्याचा अर्थ तो पाण्यात उभा राहील असा नाही. चिकणमाती असेल तर गादीवाफा करून निचरा द्या.

तीन पानांचा जोर पाहून खूश होणं

ही चूक मला सगळ्यात वाईट वाटते, कारण ती करताना माणूस आनंदात असतो. नर्सरीतून आणलेलं सत्सुमा संत्रं बहुधा ट्रायफोलिएटवरच कलम केलेलं असतं. जपानमध्ये तर हाच मुख्य खुंट. खुंट काटक म्हणजे झाड काटक, असं समजून लोक ते उघड्यावर ठेवतात. खुंट लवकर झोपतो, त्यामुळे वरच्या झाडालाही थोडा फायदा होतो, पण सत्सुमा उणे ७-८ च्या आसपास मार खातंच. वरचा भाग मरतो आणि मे महिन्यात खालून जोमदार फुटवे येतात. ‘वाचलं बाबा!’ म्हणून त्यांना खतपाणी होतं. काही वर्षांनी फळ लागतं ते कडू आणि बियांनी भरलेलं.

ओळख सोपी आहे. सत्सुमाचं पान एकटं, खुंटाची तीन. कलमाच्या जोडाखाली तीन पानांचा फुटवा दिसला की कोवळा असतानाच बोटाने मोडा. कात्रीने कापलं तर बूड राहतं आणि तिथून पुन्हा फुटतं. वरचं सगळं मेलंच असेल तर एक चांगला फुटवा वाढवा आणि उन्हाळ्यात साल सुटते तेव्हा त्यावर नवा डोळा भरा.

फळाकडून संत्र्याची अपेक्षा

कच्चं खाऊ नका, तोंड वाकडं होईल. कडूपणाशिवाय त्यात चिकट राळ असते. ती सुरीला आणि हाताला बसते, साबणाने हलत नाही, तेल चोळल्यावर सुटते. वास मात्र सुंदर असतो. भरपूर साखर घालून मार्मालेड करता येतं. लिंबाच्या लोणच्याचा प्रयोग मी सुचवणार नाही.

खाण्याजोगं हवं असेल तर संकराकडे वळा. १८९४-९५ च्या हिवाळ्यात फ्लोरिडातल्या बागा गोठल्यावर अमेरिकी कृषी खात्यातल्या वॉल्टर स्विंगल आणि हर्बर्ट वेबर यांनी गोड संत्रं आणि ट्रायफोलिएट यांच्या संकरावर जोर दिला. या संकराला सिट्रेंज म्हणतात. ‘मॉर्टन’ आणि ‘रस्क’ ही त्यातलीच. फळ बरं, काटकपणा मात्र आईबापांच्या मधला. थंडी उणे १५ ला जात असेल तर त्यांच्या भरवशावर राहू नका.

बी वाळवणं, आणि फुलांची घाई

आंब्याच्या कोयीप्रमाणे हे बी वाळलं की संपलं. फळातून काढून धुवा आणि लगेच पेरा, नाहीतर ओलसर पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा. एका बीतून दोन-तीन रोपं आली तर घाबरू नका. त्यातली बहुतेक आईची हुबेहूब प्रत असतात. वेगळं, किडकिडीत दिसणारं काढून टाका. बियांच्या रोपाला फूल यायला पाच-सात वर्षं सहज लागतात. मोठं झाड फुलत नसेल तर सावली आणि छाटणी तपासा. फुलं मागच्या वर्षीच्या फांदीवर येतात. हिवाळ्यात कुंपण सारखं करणारा माणूस त्या वर्षीची फुलंच कापतो. फुलं ओसरल्यावर छाटा, जाड कातडी हातमोजे घाला आणि खाली पडलेले काटे वेचा. ते बुटाच्या तळातून आत जातात. फळंही गोळा करा. अमेरिकेच्या दक्षिणेकडे हे झाड बी पडून रानात पसरलंय.

पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली तर अमेरिकेत ती बहुधा जायंट स्वॅलोटेल फुलपाखराची. मोठ्या झाडावर असू द्या.

राहिली बॅगेची गोष्ट. भारतातून संत्र्या-लिंबाचं कलम किंवा डोळ्याची काडी आणू नका. अमेरिकेत त्याला मनाई आहे, आणि ब्रिटन-युरोपातही लिंबूवर्गीय रोपं आणायला बंदी आहे. मोठं कारण आहे लिंबूवर्गाचा ग्रीनिंग रोग आणि तो पसरवणारी सायला कीड. ही कीड कढीपत्त्यावरही जगते, त्यामुळे कढीपत्त्याचं रोपही आणू नका. अमेरिकेच्या आतसुद्धा फ्लोरिडासारख्या रोगग्रस्त राज्यांतून रोपं पाठवण्यावर निर्बंध आहेत. ट्रायफोलिएट तुमच्याच राज्यातल्या परवानाधारक नर्सरीतून घ्या, नाहीतर शेजाऱ्याच्या झाडाखालचं एक पिकलं फळ मागून आणा.