जनुकीय फेरफार केलेल्या बुरशीपासून बनवलेले एन्झाइम घेण्यापूर्वी त्याची सुरक्षितता कशी पडताळावी

सोलापूरच्या बेकरीत मैद्यात मिसळले जाणारे अमायलेज असो किंवा डाळिंबाचा रस नितळ करण्यासाठी वापरले जाणारे पेक्टिनेज, अशी बरीच एन्झाइमे, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिने, ॲस्परजिलस नायजर, ॲस्परजिलस ओरायझी किंवा ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशींपासून मिळवली जातात आणि या बुरशींच्या अनेक वाणांत जनुकीय फेरफार केलेला असतो. फेरफार आहे एवढ्यावरून माल नाकारू नये आणि डब्यावर ‘फूड ग्रेड’ छापले आहे एवढ्यावरून तो स्वीकारूही नये. पुरवठादाराकडून कागदपत्रे मागवून घ्यावीत.

सर्वप्रथम वाण पाहावा. नुसते ‘ॲस्परजिलस नायजर’ एवढे नाव पुरेसे नाही. वाणाचा क्रमांक, त्यात घातलेले जनुक कोणत्या जीवाचे आहे, आणि फेरफार झालेल्या पेशी निवडून काढण्यासाठी प्रतिजैविक-रोधक (अँटिबायोटिकला न जुमानणारे) जनुक वापरले असल्यास ते पुढे काढून टाकले का, हे नमूद असायला हवे. नाव आणि स्रोत एफएसएसएआय या भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या यादीशी ताडून घ्यावेत. युरोपातील मूल्यमापनात तयार एन्झाइममध्ये जिवंत बुरशी आणि तिचा डीएनए उरलेला नाही, हे स्वतंत्र चाचण्यांनी दाखवावे लागते; तोच पुरावा आपणही मागावा.

बुरशीच्या बाबतीत माझ्या मते खरी काळजी फेरफारापेक्षा तिच्या मूळ स्वभावाची असते. नायजरचे काही वाण ऑक्राटॉक्सिन ए आणि फ्युमोनिसिन ही विषे तयार करतात, तर ओरायझी ही अफलाटॉक्सिन हे विष बनवणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेवस बुरशीची अगदी जवळची नातलग आहे. म्हणून त्या-त्या वाणाला लागू पडणाऱ्या विषांचा अहवाल आपल्या बॅचचा आहे का, हे बॅच क्रमांक जुळवून पाहावे. त्याच अहवालात शिसे किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि 25 ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला व ई. कोलाय आढळू नयेत.

यानंतर मात्रेचा हिशेब करावा. पाणी, राख आणि मिसळलेले भरण वजा केल्यावर उरणाऱ्या भागाला एकूण सेंद्रिय घन म्हणतात. त्यात एन्झाइमबरोबर बुरशीची इतर प्रथिनेही येतात आणि विषारीपणाच्या चाचण्या याच मापात मांडल्या जातात. समजा, एका लिटर रसात 50 मिलिग्रॅम पूड घातली आणि तिच्यात सेंद्रिय घन 10 टक्के आहे. काहीही गाळून निघाले नाही असे धरले, तर 20 किलो वजनाच्या मुलाने 200 मिलिलिटर रस प्यायल्यावर त्याच्या पोटात 1 मिलिग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 0.05 मिलिग्रॅम घन जाईल. उंदरांवरील 90 दिवसांच्या चाचणीत किलोमागे रोज 1000 मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नसेल, तर ती मात्रा मुलाच्या पोटात जाणाऱ्या मात्रेच्या 20,000 पट निघते. मात्र तेच एन्झाइम पाव, बिस्किटे अशा इतर पदार्थांतही जात असल्यास सर्वांची बेरीज धरावी, आणि जनुकांना इजा होत नसल्याच्या चाचण्या त्याच वाणाच्या एन्झाइमवर झाल्या आहेत याची खात्री करावी.

ॲलर्जीसाठी एन्झाइमच्या प्रथिनाची रचना ज्ञात ॲलर्जनांशी, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या प्रथिनांशी, ताडली जाते. प्रथिनाच्या साखळीतल्या 80 अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या घटकांच्या) टप्प्यात 35 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास पुढील तपास आवश्यक ठरतो. साम्य म्हणजे ॲलर्जी नव्हे, परंतु तो तपास टाळल्याचे दिसले तर पुरवठादाराला जाब विचारावा.

सोलापुरात एक जादा खबरदारी लागते. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत सुताची खळ उतरवण्यासाठीही अमायलेजच वापरतात आणि ते स्वस्त पडते. ते अन्नासाठीच्या शुद्धतेच्या अटींवर तपासलेले नसते, त्यामुळे नाव तेच असले तरी कापडासाठीचा डबा बेकरीत आणू नये.

बेकरीत खाणाऱ्यापेक्षा पीठ मळणाऱ्याला धोका अधिक असतो, कारण बुरशीजन्य अमायलेजची धूळ श्वासावाटे गेल्याने कामगारांना दमा झाल्याचे ज्ञात आहे. शक्यतो दाणेदार किंवा द्रव स्वरूपाचा माल घ्यावा, पूड मोजताना मास्क वापरावा आणि सांडलेली पूड झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.