या चुका टाळा: क्लस्टर, आयन आणि तापमानाचा घोळ

बारावीत एक वाक्य डोक्यात पक्कं बसतं: तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. आयन ट्रॅपपाशी, म्हणजे आयन (विद्युतभारित अणू-रेणू) विद्युतक्षेत्रात अडकवून त्यांच्या अभिक्रिया मोजणाऱ्या यंत्रापाशी, बसताना हे वाक्य चपलांबरोबर दाराबाहेर ठेवा. इथे बऱ्याचदा उलटं दिसतं. आयन रेणूला दुरूनच ओढून घेतो, त्यामुळे टक्कर व्हायला उष्णता लागत नाही. टकरीनंतर जोडी किती वेळ टिकते, यावर सगळं ठरतं आणि गारठ्यात ती जास्त टिकते. सोन्याच्या दोन अणूंचा ऋण क्लस्टर (मोजक्या अणूंचा पुंजका) 300 केल्विनला ऑक्सिजन धरतो. कार्बन मोनॉक्साइडही सोबत धरलेला दिसतो तो 100 केल्विनच्या आसपास. म्हणून आर्हेनियसच्या (वेग आणि तापमान यांच्या) आलेखातून ऋण सक्रियण ऊर्जा निघाली तर दचकू नका, पण तिला अडथळ्याची उंचीही म्हणू नका.

ट्रॅपमध्ये आयनांना गार करायला भरलेल्या हेलियमचा दाब न नोंदवता वेग सांगणं ही दुसरी चूक. रेणू चिकटताना 1 इलेक्ट्रॉनव्होल्ट सुटला, तर 13 अणूंच्या क्लस्टरमध्ये तो 33 कंपनांत वाटला जातो. ढोबळ हिशेबाने 350 अंशांची वाढ. तीन अणूंच्या क्लस्टरमध्ये कंपनं तीनच, म्हणजे जवळपास 3,900! ही ऊर्जा हेलियमने वेळेत नेली नाही, तर जोडी तुटते.

माझे तीन आठवडे खाल्ले ते गेजने, म्हणजे दाबमापकाने. गेज खोलीच्या तापमानाला, ट्रॅप 100 केल्विनला. दोन्हीकडे दाब सारखाच धरून मी वायूची घनता तिप्पट लावली. पण विरळ वायूत रेणू एकमेकांपेक्षा नळीच्या भिंतींवरच जास्त आपटतात, तेव्हा गार बाजूचा दाबही उतरतो आणि घनता वाढते फक्त 1.73 पट, म्हणजे तीनच्या वर्गमुळाइतकी. माझे सगळे दर-स्थिरांक त्याच पटीने कमी निघाले होते. दुरुस्ती अजिबात न करणाऱ्याचे तितकेच जास्त निघतात, कधीकधी टकरींच्या कमाल वेगाच्याही वर, आणि तिथे तरी चूक पकडली जाते. वेग माहीत असलेली एखादी अभिक्रिया त्याच तापमानाला आधी चालवून बघा.

भिंतीचं तापमान म्हणजे आयनचं तापमान नव्हे, हेही विसरलं जातं. 2,300 केल्विनच्या तापलेल्या तारेवरून निघालेल्या लोहाच्या धन आयनांपैकी साधारण पाचवा हिस्सा इलेक्ट्रॉनिक उत्तेजित अवस्थेत असतो आणि हेलियम तो सहजी खाली आणत नाही. मूळ आयन वेळेनुसार किती उरले याच्या लॉग आलेखावर रेषा वाकली, तर आधी हाच संशय घ्या. मग अभिक्रियेआधी आयन हेलियममध्ये थांबण्याचा वेळ वाढवून पुन्हा मोजा. उत्तर हललं, तर आयन अजून गरमच आहेत.

आणि ट्रॅप तापवल्यावर वस्तुमानाच्या आलेखात 18 एककं पुढे नवं शिखर उगवलं, तर शोध लागला म्हणून पेढे वाटू नका. भिंतीवरचं पाणी सुटलंय, आधी बेक करून (भिंती तापवून पाणी काढून) घ्या.