ही फाइल कोणी टाकली? पायथन मॉड्यूलचा माग काढताना

लिनक्स आणि पायथन जुजबी येतं असं धरून लिहितेय. सपोर्टच्या नोकरीत वर्षानुवर्षं दहा हातांतून गेलेले सर्व्हर गळ्यात पडतात आणि कुठलं मॉड्यूल कोणी टाकलं हे सांगायला कोणी उरलेलं नसतं.

सगळ्या फाइलींची एकच नोंदवही नसते. एपीटी हे डेबियन-उबुंटूचं पॅकेजं टाकण्याचं साधन, त्याच्या याद्या /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फोमध्ये असतात. पिप हे पायथनचं स्वतःचं मॉड्यूल टाकण्याचं साधन, त्याची नोंद मॉड्यूलशेजारच्या डिस्ट-इन्फो फोल्डरमधल्या 'रेकॉर्ड' फाइलीत असते, दर ओळीला पाथ, हॅश आणि साइज.

मला रडवलं ते पुढच्या गोष्टीने. एपीटीने 'रिक्वेस्ट्स' हे मॉड्यूल काढलं, तरी इम्पोर्ट चालूच! डेबियन-उबुंटूवर एपीटी मॉड्यूल /यूएसआर/लिबखाली ठेवतं आणि सुडो लावलेलं पिप /यूएसआर/लोकल/लिबखाली. दोन्हीकडे नाव तेच आणि पायथन आधी लोकलमध्ये बघतं. एक प्रत काढली तरी दुसरी जागेवरच. त्या फाइलीचा मालक कोण म्हणून एपीटीमागच्या डीपीकेजी कमांडला कॅपिटल एस देऊन विचारलं, की 'नो पाथ फाउंड'. म्हणजे फाइल बेवारस आहे असं नाही, एपीटीच्या वहीत ती नाही एवढंच. इथे फाइल थेट उडवणारी आरएम कमांड मारू नका. खरंच मारू नका. मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याचं 'डबल अंडरस्कोर फाइल' छापा, आलेल्या पाथशेजारचा डिस्ट-इन्फो उघडा. पिपने टाकलेलं असेल तर 'इन्स्टॉलर' फाइलीत तसं एका शब्दात लिहिलेलं सापडतं. मग ते पिपनेच काढा.

चालताना तयार झालेले लॉग, कॅश, कॉन्फिग रेकॉर्डमध्ये नसतात, ते हाताने शोधावे लागतात. डिस्टयूटिल्स या पायथनच्या जुन्या इन्स्टॉल पद्धतीने टाकलेलं मॉड्यूल काढायला पिप सरळ नकार देतं, कारण कुठल्या फाइली त्याच्या हेच त्याला ठाऊक नसतं. असं काही समोर आलं तर तुमचं काही चुकलेलं नाही, नोंदच नाही.

'सुडो पिप मार, होऊन जाईल' म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका, कितीही अनुभवी असो. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून व्हेन्व्हबाहेर (व्हेन्व्ह म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं पायथनचं वेगळं फोल्डर) पिप अडवलं जातं, ते याच गोंधळापायी. तरी लोक पिपला 'ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' हा पर्याय लावून ती अडवणूक ओलांडतात. मला याची चीड येते, कारण निस्तरायला नवाच माणूस बसतो. व्हेन्व्हमध्ये टाकलेल्या मॉड्यूलच्या फाइली फोल्डर उडवलं की त्यासोबत जातात.

नवा सर्व्हर हातात आला की आधी 'पिप लिस्ट'ला छोटा व्ही लावून चालवा. मॉड्यूल कुठे आहे आणि कोणी टाकलं, हे दोन्ही रकाने शेजारी-शेजारी दिसतात. ती यादी जपून ठेवा आणि मगच कशाला हात लावा.