मानवतहून पुणे विद्यापीठात: माझं पहिलं सेमिस्टर

ॲडमिशनचे दिवस आले की गावाकडच्या जुनिअर पोरापोरींचे फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच असतात, ताई हॉस्टेल मिळतं का, मेस कशी असते, इंग्लिश कच्चं आहे तर जमेल का. प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. मी परभणी जिल्ह्यातल्या मानवतची. बीएला भूगोल घेतला होता आणि त्याच विषयात एमए करायला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आले. घरातून पुण्यात शिकायला आलेली मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं, सगळं ठेचा खात कळलं.

आधी एसटीचं सांगते. शिवाजीनगरचं तिकीट काढलं म्हणून शिवाजीनगरला उतरू असं समजू नका, ते स्टँड २०१९ च्या अखेरीला मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवलं. आम्हाला हे माहीत नव्हतं. पहाटे साडेचारला अण्णा आणि मी पेटी घेऊन उतरलो आणि अर्धा तास नुसते इकडंतिकडं बघत उभे. शेवटी चहावाल्या मामांनी सांगितलं, उजाडेपर्यंत इथंच बसा, सहानंतर बस मिळेल. बसलो. गेटमधून आत आल्यावर अण्णा झाडांकडं बघत म्हणाले, "एवढ्यात आपल्या गावचे दहा मळे बसतेल की." खरंच आहे, कॅम्पस ४११ एकरांचा आहे, आणि पहिल्या दिवशी फॉर्म एका बिल्डिंगला, पैसे दुसरीकडं, डिपार्टमेंट तिसरीकडं असं फिरताना पायाचे तुकडे पडतात. चांगली चप्पल घालून या, नवीकोरी नको.

आता कागदपत्रं, कारण सगळ्यात जास्त रडारड इथंच होते. आपल्याकडची परभणी, नांदेड, लातूर, हिंगोलीची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली, म्हणजे तुम्ही दुसऱ्या विद्यापीठातून येताय, म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, लागणारच. रिझल्ट लागल्या लागल्या अर्ज करा, पुण्यात आल्यावर त्यासाठी परत नांदेडला पळायला लागतं आणि एका कागदापायी दोन रात्री एसटीत जातात. माझ्या गेल्या. दुसरं म्हणजे ओरिजिनल टीसी हातातून सोडायच्या आधी चार-पाच झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये स्कॅन ठेवा. मी एकही न काढता जमा केली आणि पुढच्याच आठवड्यात स्कॉलरशिपच्या फॉर्मला टीसी मागितली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या. महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवरच्या फॉर्मसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घरूनच काढून आणा. आणि बँकेत जाऊन "आधार लिंक आहे का" एवढंच विचारू नका, "सीडिंग झालंय का" असं विचारा, दोन्ही वेगळं आहे, सीडिंग म्हणजे सरकारी पैसे तुमच्या कुठल्या खात्यात टाकायचे याची आधारवरची नोंद, आणि स्कॉलरशिपचे पैसे सीडिंग असलेल्या खात्यातच येतात.

हॉस्टेलची लिस्ट ॲडमिशननंतर लागते, मेरिट आणि कॅटेगरीप्रमाणे, तोपर्यंतचे दिवस कुठंतरी काढावे लागतात. काहीजण ओळखीच्याच्या रूमवर गुपचूप राहतात, त्यांना इथं पॅरासाइट म्हणतात. मला हा शब्द अजिबात आवडत नाही, लांबून आलेल्या पोरानं लिस्ट लागेपर्यंत जायचं कुठं? पण नियमात बसत नाही आणि ज्या मैत्रिणीनं ठेवून घेतलं तिची रूम धोक्यात येते, म्हणून मी कॉट बेसिसवर राहिले. कॉट बेसिस म्हणजे एका खोलीत तीन-चार जणी आणि प्रत्येकीनं आपल्या कॉटपुरतं भाडं द्यायचं. दोन महिन्यांचं डिपॉझिट घेतलं होतं, सोडताना मालकांनी अर्धंच परत दिलं, का तर रंग द्यायचाय म्हणे. माझ्याकडं लेखी काहीच नव्हतं. तुम्ही डिपॉझिट देताना साध्या कागदावर का होईना पण रक्कम, तारीख आणि सही घ्या, आणि खोलीचे फोटो पहिल्याच दिवशी काढा.

मेसचं जास्त सांगत नाही, महिनाभरात सवय होते. फक्त रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद, हे लक्षात ठेवा नाहीतर पहिल्या रविवारी उपाशी झोपाल. ज्वारीच्या भाकरीची आठवण मात्र फार येते. आईचा रोज रात्री फोन, "काय करायलीस, जेवलीस का", आणि मी मेसमध्ये बसून हो म्हणायची.

खरा त्रास झाला तो वर्गात. लेक्चर इंग्लिशमधून, पीपीटी इंग्लिशमधून, शेजारी बसलेल्या पुण्या-मुंबईच्या पोरी फटाफट उत्तरं देणाऱ्या. मी बीएला जिल्ह्यात दुसरी आलेली पण इथं पंधरा दिवस तोंड उघडलं नाही. भूरूपशास्त्राच्या तासाला सर पॉटहोल पॉटहोल म्हणत होते आणि माझ्या डोळ्यासमोर आमच्या मानवत रोडचे खड्डे. नदीच्या पाठात रस्त्याचे खड्डे कुठून आले कळेना. तास संपल्यावर धीर करून पुढं गेले आणि मराठीतच विचारलं. सर म्हणाले, "निघोजचं नाव ऐकलंय का?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "रांजणखळगे!" नदीच्या खडकात पाण्यानं कोरलेले गोल खळगे ते, बीएला मी त्यावर पान भरून उत्तर लिहिलेलं होतं. म्हणजे येत होतं सगळं, नुसतं दुसऱ्या नावानं समोर आलं होतं.

त्या दिवशी दोनशे पानी वही घेतली, मधे उभी रेघ मारली, डावीकडं इंग्लिश शब्द आणि उजवीकडं आपला मराठी. रोज दहा-बारा शब्द. दिवाळीपर्यंत निम्मी वही भरली आणि लेक्चर कानावरून जायचं थांबलं. तुमचा विषय कुठलाही असू दे, ही वही पहिल्या आठवड्यात सुरू करा, मी पंधरा दिवस वाया घालवले.

दिवाळीनंतर नदीचं पाणी उतरल्यावर आमची फील्ड ट्रिप निघोजलाच गेली. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, कुकडी नदी, अलीकडं टाकळी हाजी, पलीकडं निघोज, आणि काठाला मळगंगेचं देऊळ. पुस्तकात फोटो बघितला होता पण तिथं उभं राहिल्यावर बोलवेना. काळाकभिन्न बेसॉल्ट आणि त्यात रांजणासारखे गोल गोल खळगे, एकाला एक लागून, आतून हात फिरवला तर घासलेल्या पितळी भांड्यासारखे गुळगुळीत. मी आणि लातूरची एक मैत्रीण टेप धरून मापं घेत होतो, लांब व्यास, आखूड व्यास, आणि खोली मोजायला दोरीला दगड बांधलेला. एका खळग्याचा लांब व्यास १ मीटर ३० सेंटिमीटर भरला. तळाशी वाकून बघितलं तर लाडवाएवढे गोल गोटे पडलेले. सर म्हणाले, हेच नदीचं हत्यार, पाण्याच्या भोवऱ्यात हे गोटे गरागरा फिरतात आणि खडक कोरत जातात. मी त्यातला एक गोटा उचलून हातात घेतला, ओला, थंडगार, आणि परत जिथल्या तिथं ठेवला. संध्याकाळी बसमध्ये फील्ड डायरी लिहिताना पुण्याची एक मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "रांजण म्हणजे नेमकं काय गं?" मग तिला आमच्या घरचा पाण्याचा रांजण कसा असतो ते सांगितलं. तेव्हापासून आमचा अभ्यास एकत्र.

अभ्यासाचं गणित थोडं समजून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये एका सेमिस्टरला २२ क्रेडिट, पहिल्याच सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजी. आणि इंटर्नलला, म्हणजे सेमिस्टर चालू असताना डिपार्टमेंटमध्येच मिळणाऱ्या मार्कांना, हलकं घेऊ नका, मार्क तिथंच जमतात आणि तिथंच जातात. पैशाची ओढाताण असेल तर कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेची चौकशी डिपार्टमेंटमध्ये लगेच करा. मला पुस्तकांना लेबलं लावायचं काम होतं, मेसचं बिल त्यातून निघायचं आणि घरी मागायला लागायचं नाही, याचा आनंद शब्दांत नाही सांगता येत. वाचायला जयकर ग्रंथालय आहे. विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ ला सुरू झालं त्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर, त्यांचं नाव. परीक्षा जवळ आली की रीडिंग हॉलला जागा मिळत नाही, सकाळी लवकर जाऊन बसायचं.

आणि नुसतं रूम-डिपार्टमेंट-रूम करू नका, फिरा. ज्या मुख्य इमारतीसमोर सगळे फोटो काढतात ती इंग्रजांच्या काळात गव्हर्नरचा बंगला होती. २२ जून १८९७ ला तिथंच व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा सोहळा होता आणि तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेगच्या वेळचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. शाळेत पाठ केलेला तो रस्ता आता माझा रोजचा बसचा रस्ता आहे, हे एका सिनिअर ताईनं सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पण कॅम्पसलाच लागून, जयंत नारळीकरांनी उभी केलेली. एरवी आत सहज सोडत नाहीत, पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी उघडी असते. तिथल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत आणि पृथ्वी फिरते हे दाखवणारा मोठा लंबक आहे. भूगोलवाल्यांनी तर चुकवूच नका.

येताना सामान कमी आणा, बादली-मग इथं मिळतं. कुलूप मात्र दोन आणा, पेटीला एक आणि कपाटाला एक. आणि आईला धपाटे करून द्यायला सांगा, शेंगदाण्याच्या चटणीसोबत तीन दिवस आरामात जातात, आणि रूमवरच्या पोरींशी पहिली ओळख माझी तर त्या डब्यावरच झाली.