कुत्र्यासह गुहागरात हिवाळा: सोलापूरकरांसाठी मार्गदर्शन

हिवाळ्याचे दीड-दोन महिने समुद्रकाठी काढायचे असतील आणि सोबत कुत्राही न्यायचा असेल, तर मुक्कामाची निवड त्याच्या सोयीने करावी. माणसाला खोली बदलून घेता येते, पण परक्या आवारात बिथरलेल्या कुत्र्याची समजूत घालणे फार अवघड जाते. गुहागर या दृष्टीने मला उत्तम वाटते, कारण तेथील किनारा लांब व सपाट असून गाव त्याला समांतर पसरलेले आहे आणि अनेक घरांच्या मागील दारी नारळी-पोफळीची वाडी व तिच्यापलीकडे लगेच पुळण (किनाऱ्याची वाळू) लागते.

नाताळ ते नववर्ष या काळात गर्दी आणि फटाके दोन्ही असतात, म्हणून गड्ड्याची यात्रा (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) आटोपून संक्रांतीनंतर निघावे. (गड्डा चुकवा, असे सोलापूरकराला सांगण्यात अर्थ नाही, शोभेच्या दारूकामाच्या रात्री कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवले म्हणजे झाले.) रेबीजच्या लसीबरोबर लेप्टोस्पायरोसिसची लसही पशुवैद्यांना विचारून घ्यावी, ती प्रथमच देत असल्यास काही आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, त्यामुळे ही तयारी डिसेंबरच्या आरंभीच सुरू करावी. गोचिडांवरील औषधही तेव्हाच आणून ठेवावे.

घर महिन्याच्या भाड्याने ठरवताना मालकांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: कुत्रा रात्री घरात झोपलेला चालेल काय, त्यांचा स्वतःचा कुत्रा मोकळा असतो काय आणि शेजारच्या हापूसच्या बागेत फवारणी केव्हा होते. पहिल्या प्रश्नावर तडजोड करू नये. कोकणात बिबट्या वस्तीपर्यंत येतो आणि ओटीवर बांधलेले कुत्रे त्याला आयते सापडते. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे (विषारी साप) विपुल असून ते दगडांच्या फटींत दडते, त्यामुळे जांभ्या दगडाच्या गडग्यात (कुंपणाच्या भिंतीत) नाक खुपसण्याची सवय जिवावर बेतू शकते. सर्पदंशावरील लस ठेवणारा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता, याची चौकशी पोहोचल्या दिवशीच करावी.

पंढरपूर, कराड, कुंभार्ली घाट आणि चिपळूण या मार्गाने स्वतःच्या गाडीने जावे. घाटाच्या वळणांवर कुत्र्याला उलटी होते, म्हणून त्याआधी काही तास खाणे देऊ नये. पाणी मात्र द्यावे.

किनाऱ्यावर साखळी सोडण्याचा मोह आवरावा, विशेषतः घरी कारवान जातीचा कुत्रा असेल तर. हा कुत्रा नजरेने शिकार हेरतो. दूरवर उडणारा पक्ष्यांचा थवा दिसला, की हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे या किनाऱ्यावर अंडी घालतात, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि कुत्रे ती घरटी उकरतात. कासवमित्रांनी कुंपण घातलेल्या जागेपासून लांबूनच फिरावे. रापणीच्या जाळ्यातून टाकून दिलेल्या माशांत केंड असतो. त्याचे विष प्राणघातक असल्याने वाळूवरचे काहीही कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. दुपारी वाळू तापते, तेव्हा फिरणे सकाळी व सूर्यास्ताच्या सुमारासच ठेवावे, गोडे पाणी सोबत न्यावे (समुद्राचे पाणी प्यायल्यास उलट्या व जुलाब होतात) आणि परतल्यावर पंजे व पोट धुऊन, कोरडे पुसून, कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासावी.

खाण्यात एकदम बदल करू नये. ज्वारीची भाकरी व दूध यांवर वाढलेल्या कुत्र्याला यजमान प्रेमाने मासळीचा भात घालतात, आणि मग पोट बिघडते व घशात काटे अडकतात. सोलापूरची कडक भाकरी बरेच दिवस टिकते. तिचा डबा भरून न्यावा, पहिला आठवडा तीच कुस्करून द्यावी आणि नंतर तिच्यात थोडा थोडा भात मिसळत जावा.