पिओत्रकुफ त्रिबुनाल्स्की एका दिवसात कसं बघायचं

वॉर्सा किंवा वूचहून ट्रेन पकडा, स्टेशनवरून जुनं गाव चालतच करा. आधी थोडी हिस्टरी वाचून जा, नाहीतर नुसते रंगीत वाडे बघून परत याल. इथे पोलंडची संसद भरायची, 1493 पासून दोन सभागृहांची, आणि 1578 ला राजा स्तेफान बातोरीने सरदार लोकांच्या अपिलांसाठी वेगळं वरिष्ठ कोर्ट (ट्रिब्युनल) काढलं, म्हणजे आधी जी अपिलं थेट राजाकडे जायची ती इथे यायला लागली, दक्षिणेकडच्या भागाची लुब्लिनला. गावाच्या नावातलं त्रिबुनाल्स्की ते हेच.

चौकात कोर्टाची बिल्डिंग शोधत बसू नका, कोर्ट जिथे बसायचं तो टाऊन हॉल 19व्या शतकातच पाडला. त्यापेक्षा सेंट जेम्सचं चर्च बघा, मग राजवाडा, टॉवरसारखा चौकोनी, आत म्युझियम आहे, टायमिंग मात्र आधी चेक करा.

वेळ उरला तर (उरवाच खरंतर) जुन्या सिनेगॉगकडे (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) जा, तिथे नंतर लायब्ररी झाली. नाझींनी व्यापलेल्या पोलंडमधला पहिला घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, याच गावात, ऑक्टोबर 1939.