आनेगुंदीला निघताय? आधी होडी चालू आहे का ते विचारा

बॅग भरायच्या आधी एक फोन करा. आनेगुंदीत (हंपीच्या समोर, तुंगभद्रेपलीकडचं गाव) जिथे खोली घेतली असेल त्या घरमालकाला करा, मठात करा, घाटावरच्या होडीवाल्याचा नंबर मिळाला तर त्याला करा. विचारायचं एकच: होडी चालू आहे का? 'दोणी इदेया?' एवढं कानडी पुरतं. 'इल्ला' असं उत्तर आलं तर नवबृंदावनाचा, म्हणजे नदीतल्या बेटावरच्या नऊ यतींच्या समाधींच्या दर्शनाचा, बेत तिथेच सोडा, बाकीच्या गावाचं पुढे बघू.

हे सगळ्यात वर लिहायचं कारण साधं आहे. श्रावणात आम्ही मामंजींना घेऊन गेलो तेव्हा सोवळं, उपरणं, तुळस, त्यांच्या गोळ्या, उपासाचा राजगिरा सगळं आठवणीने घेतलं आणि हा फोन तेवढा केला नाही. बेट समोर दिसत होतं. मध्ये तुंगभद्रा गढूळ, फुगलेली, आणि घाटावर बुट्ट्या (टोपलीसारख्या गोल होड्या) पालथ्या घालून ठेवलेल्या, डांबर फासलेली बुडं आभाळाकडे. त्या तशा दिसल्या की समजायचं, आज काही खरं नाही. ऊन चक्क पडलेलं होतं, म्हणून तर आम्हाला शंकाही आली नाही.

उन्हाचा आणि या नदीचा काही संबंध नाही, हे नीट डोक्यात बसवा. आनेगुंदीच्या वरच्या अंगाला तुंगभद्रेचं धरण आहे, 33 दरवाज्यांचं. पाऊस पडतो लांब मलनाडात, शिवमोग्गा-चिकमगळूरकडे. धरण भरत आलं की दरवाजे उघडतात, आणि गावात थेंब पडलेला नसतानाही नदी दोन्ही थड्या धरून वाहायला लागते. जुलै-ऑगस्ट हे यासाठी सगळ्यात बेभरवशाचे महिने, त्यानंतरही परतीच्या पावसाचा भरवसा नाही. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री तर एकोणिसाव्या दरवाज्याची साखळी तुटून दरवाजाच वाहून गेला आणि पुढचे काही दिवस धरण रिकामं करण्यासाठी लाखाच्या वर क्युसेक पाणी खाली सोडावं लागलं. असा विसर्ग असला की हंपीचा पुरंदर मंडप पाण्याखाली जातो, आनेगुंदीजवळचा चौसष्ट खांबी मंडप जातो, कंप्लीचा पूल वाहतुकीला बंद होतो. बातमीत 'पुरंदर मंडप बुडाला' असं दिसलं तर फोन करायचीही गरज नाही, बेत पुढे ढकला. आणि आठवडाभर आधी विचारून गप्प बसू नका. निघायच्या आदल्या रात्री विचारा, पोचल्यावर संध्याकाळी पुन्हा विचारा.

आता मुक्काम. इथे निम्मे लोक फसतात, कारण सगळे म्हणतात 'हंपीला राहू आणि आनेगुंदी करून येऊ'. हंपी दक्षिण तीरावर, आनेगुंदी उत्तर तीरावर. नकाशात बोटभर अंतर. पण मध्ये नदी आहे, आणि तिच्यावर तिथे सरळ पूल नाही. विजयनगरच्या काळात होता, त्याचे दगडी खांब अजून पाण्यात उभे दिसतात. आपल्या काळात तळवारघट्टाजवळ नवा बांधायला घेतला, तो पुरा व्हायच्या आतच जानेवारी 2009 मध्ये कोसळला. त्यामुळे होडी नसेल तर कडेबागिलू-बुक्कसागरच्या पुलावरून फिरून यायचं, नाहीतर पार होसपेटवरून. होडी चालू असली तरी अंधार पडायच्या आत ती थांबते आणि शेवटच्या फेरीसाठी कोणी तुमची वाट बघत नाही. तेव्हा आनेगुंदीसाठी जात असाल तर आनेगुंदीतच राहा. गावात घरगुती खोल्या मिळतात. सणासुदीला आणि डिसेंबरात आधी सांगून ठेवा.

गाडीने जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी: विजयपूर, इलकल, कुष्टगी असा सरळ हमरस्ता आहे, होसपेटपर्यंत 300 किलोमीटरच्या आसपास. होसपेटला मात्र जाऊच नका! मुनिराबादजवळ हुलगीकडे वळायचं आणि सणापूरमार्गे आनेगुंदी गाठायची, तुंगभद्रेचा पूल ओलांडायचाच नाही. फोनमधला नकाशा 'हंपी' टाकलं की इमानेइतबारे पलीकडच्या तीरावर नेऊन सोडतो, म्हणून त्यात 'आनेगुंदी' टाका. सणापूरच्या पुढचा रस्ता भातशेती आणि कालव्यांमधून जातो. यांतले काही कालवे विजयनगरच्या वेळचे आहेत आणि आजही त्यांचंच पाणी शेतात खेळतं. गाडी हळू चालवा, भाताने भरलेले ट्रॅक्टर दिवा न लावता येतात. इलकलला जाताना थांबू नका, साडीच्या दुकानात बायका शिरल्या की दोन तास गेले. परतीला थांबा.

रेल्वेने कोल्हापूर-मिरजेकडची मंडळी हरिप्रिया एक्स्प्रेसने होसपेटला उतरतात. तिथून रिक्षा ठरवताना 'आनेगुंदी, पुलावरून' असं स्पष्ट बोला, नाहीतर रिक्षावाला हंपीच्या घाटावर उतरवून 'समोरच आहे' म्हणेल. समोरच असतं. होडी चालू आहे का, हे त्याला ठाऊक नसतं.

नवबृंदावनाबद्दल. माध्व (मध्वाचार्यांच्या संप्रदायातल्या) घरांतल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पण त्यांच्याबरोबर सुना-जावई, शेजारी, मित्र येतात, त्यांच्यासाठी. बेटावर नऊ यतींची बृंदावनं आहेत: मध्वाचार्यांचे साक्षात शिष्य पद्मनाभतीर्थ, विजयनगरच्या दरबारात ज्यांचा अधिकार होता ते व्यासराज, मंत्रालयाच्या राघवेंद्रस्वामींचे गुरू सुधींद्रतीर्थ, आणि इतर सहा. व्यासराजांचं मधोमध, बाकीची भोवती. जमिनीवर रेघ आखलेली आहे, तिच्या आत पाऊल टाकायचं नाही, प्रदक्षिणा बाहेरून. लहान मुलांचा हात धरूनच ठेवा, मुलं पळत आत गेली की तिथे मोठा गहजब होतो. पुरुषांनी धोतर-उपरणं न्यावं, शर्ट काढावा लागतो. जीन्सवर उपरणं टाकून काम भागत नाही. बायकांनी साडी नेसली की प्रश्न मिटला. खायचं काही बेटावर नेऊ नका, मंत्राक्षता-तुळस चालते. पद्मनाभतीर्थांची आराधना कार्तिक वद्य चतुर्दशीला, व्यासराजांची फाल्गुन वद्य चतुर्थीला. त्या दिवशी होडीला रांग लागते, पण होडी असते! गर्दी चालत असेल तर मी डोळे मिटून यांतलाच दिवस निवडेन. 'श्रावणात पुण्य जास्त' असं घरातलं कोणी म्हणेल. पुण्याला होडी लागते, असं त्यांना सांगा.

सुटे पैसे न्या, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. घाटावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. आणि बुट्टीत बसताना काठावर ओणवं व्हायचं नाही, फोटोसाठी उभं राहायचं नाही. ही बुट्टी गोलच फिरते, तिचा स्वभावच तो. 1520 च्या सुमाराला आलेल्या पोर्तुगीज पाएसनेही तेच लिहून ठेवलंय: टोपल्यांसारख्या गोल, आत वेत, बाहेर कातडं, पंधरा-वीस माणसं नेतात आणि सारख्या गरगर फिरतात. आता कातड्याच्या जागी ताडपत्री आणि डांबर आलं, एवढाच फरक. चक्कर येणाऱ्यांनी नजर लांबच्या खडकावर ठेवावी.

त्याच पाएसने आनेगुंदीबद्दल लिहिलंय की ही पूर्वी राजधानी होती, आता इथे थोडे लोक राहतात, तट मात्र अजून चांगले आहेत. म्हणजे कृष्णदेवरायाच्या भरभराटीतसुद्धा हे 'जुनं गाव' होतं. कंपिलीचं राज्य तुघलकाच्या फौजांनी 1327 च्या सुमाराला बुडवलं, त्यानंतर हरिहर-बुक्कांनी बस्तान बसवलं ते आधी या तीरावर. 1336 हे विजयनगरच्या स्थापनेचं परंपरेने मानलेलं साल. मग राजधानी नदीपलीकडे गेली, 1565 ला ती पडली. आनेगुंदीत माणसं राहातच आली. राजघराण्याच्या वंशजांचं घर आजही गावात आहे. हे आधी घरच्यांना सांगून ठेवा, कारण हंपीचा दगडी रथ डोळ्यांपुढे ठेवून आलेली माणसं इथे 'बघायचं काय?' असं विचारतात. बघायचं ते असं: तटाचे वाकडेतिकडे वळण घेणारे दरवाजे, ज्यांच्या सावलीत आता म्हातारे गप्पा मारतात. चौकातला गगनमहाल, जो बाहेरूनच बघावा लागण्याची शक्यता धरून चाला. शेजारचं रंगनाथाचं देऊळ. नदीकाठचा हुच्चप्पय्यन मठ आणि त्याचे काळ्या दगडाचे, चरकावर उतरवल्यासारखे गुळगुळीत खांब. चिंतामणी देवळाजवळचा घाट, तिथून नवबृंदावनाची होडी सुटते (चालू असेल तर). केळीच्या सोपट्याच्या दोऱ्यापासून पिशव्या विणणाऱ्या बायका. बस. सकाळ पुरते, पण ती सकाळ सावकाश घालवायला हवी.

अंजनाद्री, म्हणजे मारुतीचा जन्म जिथे झाला असं इथे मानतात तो डोंगर, पहाटे. पाचशे सत्तरच्या वर पायऱ्या आहेत आणि दहानंतर दगड तापतो. आदल्या दिवशी गुडघ्याच्या माणसाला खरं विचारा, चढणार का? 'बघू' हे उत्तर धरू नका. हातात केळी, प्रसाद, प्लास्टिकची पिशवी काही दिसता कामा नये, माकडं झडप घालतात. चष्मा सांभाळा. मार्गशीर्षात हनुमद्व्रताच्या दिवसांत हनुमानमाला घातलेल्या भक्तांनी डोंगर भरून जातो, तेव्हा दर्शन हवं असेल तरच जा. आणि नाशिककरांनो, अंजनेरीचा विषय तिथे काढू नका. मारुतीचा जन्म नेमका कुठला, यावर 2022 मध्ये नाशिकला धर्मसंसद भरून भांडणापर्यंत गेलं होतं. वर पुजाऱ्याशी तो वाद पुन्हा उकरून काय मिळणार आहे?

पंपासरोवर, शबरीची गुहा, दुर्गेचं देऊळ: वाटेवरच आहेत, वेगळी तयारी नाही. ओनके किंडीची आदिमानवाची चित्रं बघायची असतील तर गावातला माणूस बरोबर घ्या, एकट्याने शोधत फिरू नका. हिरेबेणकलची महापाषाणयुगीन दगडी घरं लांब आहेत, चढ आहे, पाणी नाही, तेव्हा ज्यांना खरंच हौस आहे त्यांनी तिच्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवावी.

नदीत पोहू नका. खडकांखाली भोवरे आहेत, मगरी आहेत. धरणापासून कंप्लीपर्यंतचा हा पट्टा पाणमांजरांसाठी राखीव केलेला आहे, ती दिसली तर लांबून बघा.

बाकी टोपी, पाणी, चप्पल, गोळ्या, पॉवरबँक हे तुम्हाला कळतं. पेट्रोल, एटीएम, दवाखाना गंगावतीला. जेवण आधी सांगून ठेवलं तर घरगुती मिळतं, नाहीतर इडली-पुरी.

पोचल्यावर संध्याकाळी घाटावर एक चक्कर मारा. बुट्ट्या सुलट्या आहेत का बघा, होडीवाल्याला गाठा आणि सकाळची पहिली फेरी किती वाजता ते त्याच्याच तोंडून ऐका. 'असेल' म्हणाला तर पुन्हा विचारा. उपास त्याच्या 'हो' नंतर धरा.

परतीला हुलगीवरूनच जायचं. पौर्णिमा असेल तर तिथल्या हुलिगेम्मा देवीच्या गर्दीत गाडी अडकते, दुपारच्या आत निघा.